लोहाऱ्याचे जंगल, लोणखेड्याची वीज

2007 सालचा हिवाळा नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या लोणखेड्यात ज्यांनी शेतात काढला, त्यांना तो अंधारासह आठवतो. गोमाईकाठच्या शिवारात थ्री फेज लाइट रात्री उशिरा यायची. मोटारीला ऑटो लावून ठेवलेला असे, तरी माणूस घरी झोपत नसे. डीपीवर भार आला की फ्यूज उडायचा, आणि तो बांधायला पुन्हा अंधारातून बांधाबांधाने जावे लागायचे. हातात बॅटरी, डोक्याला मफलर, पायात गमबूट. केळीच्या बागेत दारे धरताना पायाखाली काय आहे ते दिसत नाही. साप चावून माणसे गेल्याच्या बातम्या त्या वर्षांत खानदेशात नवीन नव्हत्या. पहाटे लाइट गेली की अर्धा वाफा कोरडाच राही.

महाराष्ट्रात तेव्हा विजेची तूट कमाल मागणीच्या वेळी पाच हजार मेगावॉटच्या आसपास जात होती. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प 2001 मध्ये बंद पडला होता, नवे मोठे वीज केंद्र उभे राहिले नव्हते, आणि भारनियमन हा शब्द लहान पोरांच्याही तोंडी बसला होता. अशा वेळी ‘वीज येणार’ या शब्दाला राज्यात कोण नाही म्हणणार? याच हिवाळ्याच्या तोंडावर, नोव्हेंबर 2007 मध्ये, केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने चंद्रपूरजवळचे ‘लोहारा पश्चिम’ आणि ‘लोहारा विस्तार’ हे कोळशाचे ब्लॉक अदानी पॉवर कंपनीला दिले. कोळसा निघणार होता लोहाऱ्यातून, जळणार होता गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याला, आणि वीज मिळणार होती महावितरणला, म्हणजे आम्हालाही. लोहारा आमच्यापासून सहाशे किलोमीटरच्या घरात. तिथे पुढे जे घडले ते महाराष्ट्रातल्या पर्यावरण आणि वन मंजुरीच्या इतिहासातले एक महत्त्वाचे प्रकरण आहे. नंदुरबारच्या माणसाला ते लवकर उमगावे, कारण ‘मंजुरी’ या शब्दाचा अर्थ आमच्या जिल्ह्याने वीस वर्षे आधीच भोगून पाहिला होता.

त्यासाठी आधी सातपुड्यात जावे लागते.

1980 पर्यंत जंगल कापून जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर राज्य सरकारची सही पुरेशी होती. स्वातंत्र्यानंतरच्या तीस वर्षांत अशी वर्षाला सरासरी दीड लाख हेक्टरच्या आसपास वनजमीन गेली, असे केंद्राच्याच आकडेवारीत सांगितले जाते. इंदिरा गांधींच्या सरकारने ऑक्टोबर 1980 मध्ये वटहुकूम काढला आणि त्यातून वन संवर्धन कायदा आला: यापुढे केंद्राच्या परवानगीशिवाय राज्याला वनजमीन वळवता येणार नाही. या कायद्याची पहिली मोठी कसोटी लागली ती नर्मदेवर. सरदार सरोवरासाठी तीन राज्यांतली मिळून 13,385 हेक्टर वनजमीन लागणार होती आणि तिचा सर्वांत मोठा तुकडा, सुमारे 6,488 हेक्टर, महाराष्ट्राचा होता. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावे त्या पाण्याखाली येणार होती. तेव्हा आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. नंदुरबार जिल्हा 1998 मध्ये झाला.

नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा 1979 मध्ये आला होता. जागतिक बँकेने 1985 मध्ये 45 कोटी डॉलरच्या कर्जाला होकार दिला. पर्यावरण मंजुरी आली ती त्यानंतर, 24 जून 1987 रोजी. वन मंजुरी 8 सप्टेंबर 1987 रोजी. दोन्ही सशर्त. पाणलोट क्षेत्राचे उपचार, पर्यायी वनीकरण, पुनर्वसनाचा आराखडा, वनस्पती आणि प्राण्यांचे सर्वेक्षण, आरोग्य, भूकंपाचा धोका, हे सगळे अभ्यास बांधकामाबरोबरच पूर्ण करायचे, अशी ती अट. सरळ भाषेत सांगायचे तर, ज्या अभ्यासावरून मंजुरी द्यायची की नाही हे ठरायला हवे होते, तो अभ्यास मंजुरी मिळाल्यावर करायचा होता. 1989 ची मुदत उलटली, अभ्यास अपुरे राहिले, भिंत मात्र वाढत गेली. वनजमीन पुनर्वसनाला वापरायची नाही, अशीही एक अट होती. ती 1990 मध्ये शिथिल झाली आणि विस्थापितांना बसवण्यासाठी तळोद्याचे सुमारे 4,200 हेक्टर जंगल मोकळे करण्यात आले. सोमावल, रोझवा या वसाहती त्या तुटलेल्या जंगलावर उभ्या आहेत. म्हणजे एका जंगलाच्या बुडण्याची भरपाई दुसऱ्या जंगलाने केली. 1993 च्या पावसाळ्यात त्या 33 गावांतल्या मणिबेलीची घरे पाण्याखाली जात होती तेव्हा 1987 च्या त्या कागदावरच्या अटी तशाच होत्या, कागदावर. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2000 मध्ये धरणाच्या बाजूने निकाल दिला. मात्र तीन न्यायमूर्तींपैकी एकाने, न्यायमूर्ती भरूचा यांनी, वेगळे मत नोंदवले. आवश्यक माहिती हाती नसताना पर्यावरण मंजुरी दिली गेली, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

हे सगळे लोहाऱ्याच्या आधी सांगितले, कारण मंजुरीच्या गोष्टीत काय मंजूर झाले याइतकेच कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर मंजूर झाले, हे पाहावे लागते.

आता चंद्रपूर. गोंड राजांची ही राजधानी, आणि भूगर्भशास्त्रात कोळशाच्या ज्या खडकांना जगभर ‘गोंडवाना’ म्हणतात ते नावही याच गोंडांच्या मुलखावरून पडलेले. वर्धा नदीच्या खोऱ्यात हा कोळसा जमिनीच्या फार खाली नाही. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात वरोऱ्याला खाण उघडली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली. नंतर बल्लारपूर, घुग्घुस. या जुन्या खाणी बहुतेक भूमिगत होत्या: चाणक उतरायचा, माणूस खाली जायचा, वर शेत आणि झाड बरेचसे जागेवर राहायचे. 1973 मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, 1975 मध्ये कोल इंडिया आणि तिच्याखाली नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे चंद्रपूरकरांची ‘वेकोलि’, स्थापन झाली. वीज केंद्रांची भूक वाढली तशी खाणीची तऱ्हा बदलली. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र 1983 पासून सुरू झाले आणि पुढे 2,340 मेगावॉटपर्यंत गेले. एवढा कोळसा स्वस्तात आणि लवकर काढायचा तर खुली खाण.

खुली खाण म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांनी दुर्गापूर किंवा पद्मापूरच्या बाजूने एकदा जावे. आधी झाड जाते. मग वरची माती. मग सुरुंग लावून खडक फोडतात, आणि फावड्याच्या अवाढव्य यंत्राने तो डंपरमध्ये भरून बाजूला टाकतात. या टाकलेल्या माती-दगडाला वेकोलित ‘ओबी’ म्हणतात. ओबीचे ढिगारे डोंगराएवढे होतात, त्यांच्यावर विलायती बाभूळ माजते, आणि परक्या माणसाला ते खरेच डोंगर वाटतात. मधे जो खड्डा उरतो त्यात भूजल झिरपून येते आणि पंपाने ते बाहेर ओढत राहावे लागते. आसपासच्या विहिरी त्या पंपाच्या ओढीने खाली जातात. शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. शेजाऱ्याने खोल बोअर मारला की आपल्या विहिरीचे काय होते हे लोणखेड्यातही माहीत आहे.

चंद्रपूरच्या उत्तरेला या खाणी जिथे संपतात तिथून ताडोबाचे जंगल फार दूर नाही. ताडोबा 1955 पासूनचे राष्ट्रीय उद्यान, राज्यातले सर्वांत जुने. 1986 मध्ये अंधारी अभयारण्य झाले, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दोन्ही मिळून सुमारे 625 चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प झाला. पण वाघ अधिसूचना वाचत नाही. ताडोबात वाढलेला तरणा वाघ स्वतःचा मुलूख शोधायला बाहेर पडतो तो जुनोन्याकडून, लोहाऱ्याकडून, चिचपल्लीकडून, पुढे बल्लारपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात. चंद्रपूर-मूल रस्त्याने गेलात तर शहर सुटल्यावर हाच पट्टा लागतो. साग, ऐन, बिजा, मोह, मधे बांबूची बेटे. मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे बाया टोपल्या घेऊन मोहाखाली बसलेल्या दिसतात. मे महिन्यात तेंदूपाने खुडून पुडके बांधायचे काम, आणि त्या थोड्या दिवसांच्या मजुरीवर पावसाळ्याचे बी-बियाणे अवलंबून. या पट्ट्याच्या पोटात लोहाऱ्याचा कोळसा. खाणीसाठी मागितलेली जमीन सुमारे 1,750 हेक्टर, आणि त्यातली बहुतेक वनजमीन.

ब्लॉक कंपनीला मिळाला कसा, तर लिलावाने नव्हे. राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यात 1993 मध्ये दुरुस्ती होऊन खासगी वीज कंपन्यांना स्वतःच्या वापरासाठी खाणी देण्याची वाट उघडली होती. छाननी समिती बसायची, अर्ज पाहायची, वाटप व्हायचे. 2004 नंतर या वाटपाला वेग आला. नकाशावर ब्लॉकच्या सीमा आखल्या होत्या त्या भूगर्भात काय आहे ते पाहून. वर काय आहे, कोण राहते, कोणाची वाट आहे, हे पाहण्याची पाळी दुसऱ्या, म्हणजे पर्यावरण मंत्रालयाची होती, आणि ती वाटपानंतर येत होती.

ती पाळी कशी चालते तेही पाहू, कारण पुढची सगळी लढाई या पायऱ्यांवरच झाली. पर्यावरण मंजुरीची पद्धत पहिल्यांदा जानेवारी 1994 च्या अधिसूचनेने बांधून दिली आणि 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेने नव्याने. मोठी कोळसा खाण दिल्लीच्या अखत्यारीत. आधी कंपनी मंत्रालयाकडे ‘टर्म्स ऑफ रेफरन्स’ मागते, म्हणजे अभ्यास कशाकशाचा करायचा याची यादी. मग पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल, मग गावात जनसुनावणी, मग तज्ज्ञ समितीपुढे मूल्यांकन. वन मंजुरीची वाट याहून वेगळी. उपवनसंरक्षक जागा पाहतो, झाडे मोजली जातात, बुंध्याचा घेर लिहिला जातो, कागद राज्याकडून दिल्लीच्या वन सल्लागार समितीकडे जातो. होकार मिळाला तर आधी तत्त्वतः मंजुरी, अटींची पूर्तता झाल्यावर अंतिम. जंगलाची किंमतही ठरलेली असते: सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2008 मध्ये मान्य केलेल्या दरांनुसार ती तेव्हा हेक्टरी 4 लाख 38 हजार ते 10 लाख 43 हजार रुपये, जंगलाच्या दाटीप्रमाणे. मोहाखाली टोपली घेऊन बसलेली बाई या हिशेबात कुठे बसते, ते मला अजून सापडलेले नाही. वनहक्क कायदा 2006 मध्ये आला होता. वनजमीन वळवण्याआधी लोकांचे हक्क निश्चित करा आणि ग्रामसभेची संमती घ्या, असे परिपत्रक मंत्रालयाने 3 ऑगस्ट 2009 रोजी काढले. मणिबेलीच्या वेळी असले काहीही नव्हते.

लोहाऱ्याच्या प्रकरणात टर्म्स ऑफ रेफरन्स 2008 मध्ये मिळाल्या. अभ्यास व्हायचा होता, मूल्यांकन व्हायचे होते, वन मंजुरी तर कुठच्या कुठे होती. तरीही 8 सप्टेंबर 2008 रोजी कंपनीने महावितरणशी वीज खरेदी करार केला: 1,320 मेगावॉट, सरासरी दर युनिटला 2 रुपये 64 पैसे. (नर्मदेच्या वन मंजुरीचीही तारीख 8 सप्टेंबर. योगायोगच, पण नोंदवावासा वाटला.) हा दर लोहाऱ्याचा कोळसा हाती आहे असे धरून बांधलेला होता. म्हणजे जंगलाबद्दल केंद्र सरकार काय म्हणते हे कळायच्या आधीच त्या जंगलाखालच्या कोळशाची वीज राज्याने दर ठरवून विकत घेतली होती. नर्मदेवर भिंत आधी आणि अभ्यास नंतर असे झाले. इथे करार आधी. भारनियमनाने राज्य इतके घायकुतीला आले होते की कोणी थांबून विचारले नाही. रात्री दारे धरणारे आम्हीही विचारले नसते, हे कबूल करायला हवे.

चंद्रपुरात मात्र विचारणारे निघाले. शहराला तोवर वीज केंद्र, सिमेंट कारखाने, कागद गिरणी आणि खाणी यांनी घेरले होते. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पूड बसते, ही तिथल्या घराघरातली तक्रार. जंगलालगतच्या गावांत वाघ-बिबट्यांचे हल्ले वाढत होते, आणि जंगल आणखी तुटले तर ते गावात शिरणार हे समजायला अहवालाची गरज नव्हती. वन्यजीव अभ्यासक, शिक्षक, तरुण कार्यकर्ते एकत्र आले. ‘इको-प्रो’ संघटनेचे बंडू धोत्रे यांनी 2009 मध्ये अन्नत्याग सुरू केला आणि तो जवळपास दोन आठवडे चालला. वर्तमानपत्रांत रोज बातमी, शहरात मोर्चे, दिल्लीला निवेदने. मणिबेलीची लढाई उभी राहिली तेव्हा मंजुरी मिळून गेली होती. चंद्रपूरकर मंजुरीच्या आधी उभे राहिले. माझ्या मते साऱ्या प्रकरणाचा निकाल या एका गोष्टीने फिरला.

वेळही जुळून आली. सरिस्कातले सगळे वाघ संपल्याचे 2005 मध्ये उघड झाले होते. त्या धक्क्यातून वन्यजीव कायदा बदलला, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आले, आणि व्याघ्र प्रकल्पाभोवती बफर क्षेत्र राखणे कायद्यात आले. मे 2009 मध्ये जयराम रमेश पर्यावरण मंत्री झाले. नोव्हेंबर 2009 मध्ये लोहाऱ्याचा प्रस्ताव तज्ज्ञ समितीपुढे पुन्हा तपासला गेला आणि जानेवारी 2010 मध्ये मंत्रालयाने दिलेल्या टर्म्स ऑफ रेफरन्स मागे घेतल्या. कारण: ताडोबाचे सान्निध्य, व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये येणारी जागा. याचा अर्थ एवढाच की ‘नाही’ हे उत्तर शेवटच्या पायरीवर न येता पहिल्या पायरीवर आले. एकही झाड पडलेले नव्हते, एकही सुरुंग उडालेला नव्हता.

कंपनीच्या बाजूने पाहायचे तर तक्रारीला जागा होती. ब्लॉक सरकारनेच दिला होता, अभ्यासाची यादीही सरकारनेच. बफरची अधिसूचना निघाली ती नंतर, 5 मे 2010 रोजी, सुमारे 1,101 चौरस किलोमीटरची. सरकारच्या एका हाताने दिलेले दुसऱ्याने काढून घेतले, असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. पण त्यावरून बफर चुकीचा ठरत नाही. चुकले होते ते वाटप.

त्याच सुमारास आणखी एक कागद आला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डिसेंबर 2009 मध्ये देशातल्या औद्योगिक भागांचा प्रदूषण निर्देशांक जाहीर केला. अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद आणि चौथे चंद्रपूर, 100 पैकी 83.88. सत्तरच्या वर गेलेल्या 43 ठिकाणी नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या 13 जानेवारी 2010 पासून थांबवण्यात आल्या. चंद्रपूरच्या लोकांना दोरीवरच्या कपड्यांवरून जे ठाऊक होते त्याला दशांश चिन्हासह सरकारी मोहोर लागली.

लोहाऱ्याचा धडा देशभर लागू करण्याचा प्रयत्न मग झाला, आणि त्याचे श्रेय रमेश यांना द्यावे लागते. वाटप झाल्यावर भांडण्यापेक्षा वाटपाच्या आधीच नकाशे एकावर एक ठेवून पाहावेत: खाली कोळसा, वर जंगल. पर्यावरण मंत्रालय आणि कोळसा खात्याने मिळून नऊ कोळसा क्षेत्रांतले सहाशेच्या आसपास ब्लॉक तपासले. वर्धा खोरे त्यात होते. दाट जंगलाखालचे ब्लॉक ‘नो-गो’, बाकीचे ‘गो’. पहिल्या मोजणीत दोनशेहून अधिक ब्लॉक ‘नो-गो’ निघाले. कोळसा मंत्रालय, ऊर्जा मंत्रालय, उद्योग सगळे उठले. आकडा घासून दीडशेच्या आसपास आणला, तरी भागले नाही. फेब्रुवारी 2011 मध्ये प्रणव मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली मंत्रिगट नेमला गेला आणि त्या चर्चेत ‘नो-गो’ची संकल्पना विरून गेली. जून 2011 मध्ये, मंत्रालय सोडण्यापूर्वी काही आठवडे, खुद्द रमेश यांनी छत्तीसगडच्या हसदेव अरण्यातल्या खाणींना तत्त्वतः वन मंजुरी दिली, वन सल्लागार समितीने नको म्हटलेले असताना. हसदेव त्यांच्याच नकाशावर ‘नो-गो’ होते. तिथे झाडे पडली, आदिवासी गावे अजून लढत आहेत. लोहाऱ्याला वाचवणारा नियम झाला नाही. लोहारा एक अपवाद म्हणून वाचले.

आता करार. तिरोड्याचे वीज केंद्र लोहाऱ्याशिवाय उभे राहिले. 660 मेगावॉटचे पाच संच, एकूण 3,300 मेगावॉट. 2012 ते 2014 दरम्यान ते टप्प्याटप्प्याने सुरू झाले, दुसऱ्या ठिकाणच्या कोळशावर. लोहाऱ्याचा कोळसा मिळाला नाही तर राज्य अंधारात जाईल, हे भय खरे ठरले नाही. पण 2 रुपये 64 पैशांचा हिशेब मोडला. कंपनीने 2011 मध्ये करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. ब्लॉक गेला हा ‘कायद्यातील बदल’ आहे, म्हणून वाढीव खर्च भरून द्या, असा दावा उभा राहिला. राज्य वीज नियामक आयोग, अपिलीय न्यायाधिकरण, सर्वोच्च न्यायालय, असा तो वर्षानुवर्षे चालत राहिला. आमच्या घरी येणाऱ्या महावितरणच्या बिलात ‘इंधन समायोजन आकार’ अशी एक ओळ असते. लहान अक्षरांत, स्थिर आकार आणि वहन आकाराच्या शेजारी. कोळशाच्या खर्चातले चढउतार त्या ओळीतून घरात येतात. लोणखेड्यात ती ओळ फारसे कोणी वाचत नाही, एकूण रक्कम पाहून बिल खुंटीला अडकवतात. जंगल वेळेत वाचले, तरी कराराला तो निर्णय उशिराच होता. मंत्रालयाचे उत्तर दोन वर्षे आधी आले असते, किंवा महावितरणने दोन वर्षे थांबून सही केली असती, तर हा खटला उभाच राहिला नसता.

वाटपाच्या पद्धतीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने लावला. 25 ऑगस्ट 2014 रोजी 1993 पासूनची सारी वाटपे मनमानी आणि बेकायदा ठरली, आणि महिनाभरात 204 ब्लॉक रद्द झाले. त्यानंतर लिलाव आला. पण लिलावाने पैशाचा प्रश्न सुटतो, क्रमाचा सुटत नाही. आजही ब्लॉक आधी विकला जातो आणि जंगलाची मंजुरी नंतर मागितली जाते. हे जून 2020 मध्ये दिसले. टाळेबंदीच्या दिवसांत 41 खाणींच्या व्यापारी लिलावाची घोषणा झाली आणि त्या यादीत चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर तालुक्याचा ‘बंदर’ ब्लॉक होता, ताडोबाहून बोर आणि मेळघाटकडे जाणाऱ्या वाघाच्या वाटेवर. राज्याचे तेव्हाचे पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांना पत्र लिहिले: ही जागा आधीही तपासली गेली आहे, तेव्हाही नाकारली गेली आहे, पुन्हा का? बंदर यादीतून वगळले गेले. या वेळी कोणाला उपाशी बसावे लागले नाही, पत्राने काम झाले. लिलावाच्या आधी, सहीच्या आधी, दर ठरण्याच्या आधी.

चंद्रपूरच्या जुन्या खाणी आणि वीज केंद्र मात्र जिथे होते तिथेच आहेत. ओबीच्या ढिगाऱ्यांवर वाढलेल्या बाभळीत आता वाघ आणि बिबटे राहतात; त्यांना ते जंगलच वाटते. फेब्रुवारी 2022 मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराला मारले आणि पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला उचलले. त्या मुलाचे घर ज्या वस्तीत, ती वस्ती उभी राहिली तेव्हा खाण आणि जंगल यांच्यात किती अंतर ठेवायचे हे विचारणारा कायदाच धड आकाराला आलेला नव्हता. तिथून मूलच्या रस्त्याला लागले की अर्ध्या तासात लोहारा येते. मे महिन्यात त्या पट्ट्यातल्या फळीवर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या जागेवर, तेंदूपानाचे पुडके उन्हात ओळीने मांडलेले असतात, आणि मुनशी वहीत एकेका नावापुढे मोजून आकडा लिहीत असतो.